मोगलाई आणि इंग्रजी मुलूख : एका शिवेच्या दोन बाजूंचे जीवनमान

दोन देशांतील राहणीमानाची तुलना करू पाहणाऱ्यांना युरोपच्या इतिहासाने एक सोयीचे उदाहरण पुरविले आहे. १९४९ ते १९९० या काळात जर्मनीत दोन राज्ये नांदत होती. भाषा एक, पूर्वेतिहास एक, नात्यागोत्यांचे धागेही परस्परांत गुंतलेले. वेगळी होती ती केवळ राज्यव्यवस्था. त्यामुळे एल्बेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संसारांत जी तफावत दिसे, ती माणसांच्या स्वभावावर किंवा जमिनीच्या कसावर ढकलून मोकळे होण्याची सोय अभ्यासकांना राहिली नाही. असे उदाहरण शोधण्यासाठी मराठी वाचकाला मात्र जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही, असे आम्हाला वाटते. आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतो त्याची पश्चिमेकडची शीव ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९४८ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, अशीच एक सरहद्द होती. शिवेच्या पश्चिमेला मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्हा आणि त्यातले बार्शी, माढा, करमाळा हे तालुके. पूर्वेला हैदराबादच्या निजामाचे राज्य आणि त्यातले परंडा, कळंब, तुळजापूर, धाराशिव. दोन्हीकडे तीच काळी माती, तीच ज्वारी, तीच मराठी आणि तीच तुळजाभवानी. बार्शी तालुका तर तीन बाजूंनी निजामाच्या मुलखाला भिडलेला होता.

जिल्ह्याची नावेही या इतिहासाची साक्ष देतात. जुना जिल्हा नळदुर्गाच्या नावाने ओळखला जाई. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तो उस्मानाबाद झाला आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत आले. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. प्रस्तुत लेखात आम्ही सोयीसाठी सर्वत्र धाराशिव हेच नाव वापरणार आहोत. शिवेच्या दोन बाजूंपैकी जगणे कोठे बरे होते, त्या बरेपणाचे माप कोणते आणि ते कोणाचे, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

१

साहित्याच्या अभ्यासकाने आरंभ शब्दापासून करावा हे उचित. निजामाच्या राज्याला सोलापूर-पुण्याकडची माणसे 'मोगलाई' म्हणत. दख्खनच्या मोगल सुभेदाराने स्थापलेले राज्य म्हणून हे नाव पडले. परंतु मराठीत या शब्दाला हळूहळू दुसरा अर्थ चिकटला. कोठे कायदा-काटा नसला, ज्याच्या हाती काठी त्याचे राज्य झाले, की 'मोगलाई माजली' असे आपण आजही म्हणतो. म्हणजे एका प्रदेशाचे नाव हे गैरकारभाराचे सामान्यनाम होऊन बसले. हा अर्थ शिवेच्या पश्चिमेकडून बनला, हे लक्षात घेतले पाहिजे. छापखाने, वृत्तपत्रे, कोश आणि शाळांची क्रमिक पुस्तके पुण्या-मुंबईकडे होती. मोगलाईतल्या माणसाला स्वतःविषयी छापून बोलण्याची साधने फार उशिरा मिळाली. तेव्हा 'मोगलाई' या शब्दात साठलेला निवाडा आपण जसाच्या तसा पुरावा म्हणून घेऊ शकत नाही. पण तो निराधार आहे असे म्हणून बाजूलाही सारता येत नाही. तो तपासावा लागतो.

तपासण्यासाठी इतिहासाने एक विलक्षण संधी ठेवलेली आहे. १८५३ च्या मे महिन्यात झालेल्या तहान्वये निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी तीन प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिले : वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिव. १८६० च्या तहाने त्यांपैकी रायचूर दोआब आणि धाराशिव निजामाला परत मिळाले. म्हणजे सात वर्षांपुरता हा जिल्हा इंग्रजी मुलखात होता, आणि त्याच्या आधी व नंतर मोगलाईत. कर्ज फिटावे म्हणून तो दिला गेला, १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला म्हणून तो परत केला गेला. दोन्ही वेळा तेथल्या कुणब्याला कोणी विचारले नाही, हेही नोंदवून ठेवावे.

या काळात जिल्ह्याचा कारभार ज्याच्याकडे होता तो अधिकारी साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्गाला होता. तो मुळात निजामाच्या नोकरीतला माणूस. कंपनीच्या सनदी सेवेतला नव्हे. त्यामुळे दोन्ही व्यवस्था त्याला आतून ठाऊक होत्या. त्याने जमीनमोजणी आणि महसुलाची नवी बसवणूक हाती घेतली, रस्त्यांकडे लक्ष दिले. निवृत्तीनंतर लिहिलेल्या आणि मरणोत्तर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गाची ही वर्षे समाधानाने आठवली आहेत. त्याची 'तारा' (१८६३) ही कादंबरी १६५७ च्या सुमाराची असून तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे. इंग्रजी कादंबरीत तुळजापूरचे देऊळ आणि बालाघाटाचा डोंगर इतक्या लवकर येण्याचे कारण हा कारभारातला मुक्काम होय.

टेलरची साक्ष स्वतःच्या कारभाराविषयीची आहे, म्हणून ती सावधपणे घ्यावी. परंतु एका गोष्टीला त्याच्या शब्दाखेरीज आणखी आधार आहे. १८६० मध्ये जिल्हा परत आल्यावर हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग याने मक्तेदारीने महसूल गोळा करण्याची जुनी रीत मोडीत काढून १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, आणि पुढे मराठी जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारीची मोजणी व आकारणी आणली. ज्या व्यवस्थेला पश्चिमेकडे 'मोगलाई' म्हणून हिणवले जाई ती व्यवस्था बदलू शकत होती आणि बदललीही. मोगलाईचे मागासपण हे मातीतून किंवा माणसांच्या रक्तातून आलेले असते तर सात वर्षांच्या कारभाराने आणि एका दिवाणाच्या हुकमांनी त्यात काहीच फरक पडता ना.

२

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत शिवेच्या दोन बाजूंचा दैनंदिन व्यवहार कसा वेगळा होता ते आता पाहू.

पहिला फरक खिशातला. मोगलाईत हाली शिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव असे. कळंबच्या शेतकऱ्याने बार्शीच्या पेठेत माल विकला की रुपया हाती येई तो कलदार; सारा भरायचा तो हालीत. बदलाबदलीत सराफाची वर्तणावळ जाई. दुसरा फरक नाक्यावरचा. निजामाच्या करोडगिरी खात्याची नाकी शिवेवर होती आणि राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर साधारणतः शेकडा पाच जकात घेतली जाई. तुळजापूरला दर्शनाला निघालेला सोलापूरचा यात्रेकरूही या नाक्यावरून जाई. पंचांगावरचे सण एक असले तरी दप्तरातले साल वेगळे. मोगलाईत फसली सन, पलीकडे इसवी. कलेक्टराला इकडे 'अव्वल तालुकदार' म्हणत, तिकडे तालुक्यावर मामलेदार असे. मराठवाड्याच्या मराठीत आजही दिसणारा फारसी-उर्दू शब्दांचा भरणा हा केवळ बोलीचा गोडवा नव्हे. कचेरीत ज्या भाषेत अर्ज करावा लागे तिचा तो ठसा आहे.

तिसरा फरक लोखंडी रुळांचा. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची मुख्य वाट १८६० मध्ये सोलापूरला पोचली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीजवळच्या मुख्य मार्गापासून बार्शीपर्यंत धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची ही योजना. पुढे हाच अरुंद मार्ग येडशी, तडवळे, ढोकी करीत १९११ मध्ये लातूरला गेला. मोगलाईच्या पश्चिम भागाचा धान्य-कापूस या गाडीने बार्शीला व तेथून मुंबईला जाऊ लागला. बार्शीची पेठ फुगली, तेथे गिरण्या उभ्या राहिल्या; सोलापुरात तर १८७७ मध्येच कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झालेली होती. गाडी धाराशिव जिल्ह्यातून गेली, पण जिल्ह्याचे मुख्य ठाणे तिने बाजूला ठेवले. धाराशिव शहराला रेल्वेस्थानक मिळाले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मार्ग रुंद होताना. माल पिकवावा एका बाजूने, त्याची गाठ बांधून नफा राखावा दुसऱ्या बाजूने, अशी ही विभागणी झाली. मोगलाईच्या मजुराला सोलापूरच्या गिरणीत काम मिळाले हे खरे. पण ते काम मिळविण्यासाठी त्याला स्वतःचे राज्य सोडावे लागले.

चौथा फरक आम्हाला सर्वांत खोल वाटतो. तो शाळेचा आणि सभेचा आहे. हैदराबाद राज्यात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा होते, तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास. राज्यकारभाराची भाषा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. खालच्या इयत्तांत मराठीला काही जागा असे. वर चढावे तसे उर्दूवाचून पाऊल पडत नसे. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी, सभा भरवावयाची तर परवानगी. 'गश्ती निशान ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांना कुलूपच घातले होते.

या पार्श्वभूमीवर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मोल कळते. आजच्या लोहारा तालुक्यातील या खेड्यात १९२१ मध्ये मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले. स्वामीजींचा जन्म, शिक्षण आणि सुरुवातीचे कार्य सारे इंग्रजी मुलखातले. तिकडे शिकलेला माणूस इकडे शिकवायला आला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची एक मुळी एका खेड्यातल्या वर्गात रुजलेली आहे आणि ती शाळा मुळात मातृभाषेत शिकता यावे एवढ्यासाठी निघाली होती. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथाच्या वाचकांना शाळा, वाचनालये आणि साहित्य परिषद यांना या लढ्यात एवढे स्थान का, याचा उलगडा येथे होईल. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची. राजकीय सभा भरविणे दुरापास्त असलेल्या राज्यात साहित्याची सभा हीच लोकांची सभा होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरांतील नऊच्या आसपास माणसे साक्षर आढळली. मुंबई राज्यात चोवीसच्या आसपास. मुंबई शहराचा भार वजा करूनही ही तफावत डोळ्यांत भरणारी आहे. शिवेच्या दोन बाजूंचा जमाखर्च एका आकड्यात मांडायचा झाला तर आम्ही हाच आकडा निवडू.

३

इतके झाल्यावर निवाडा सोपा वाटू लागतो : इंग्रजी मुलूख बरा, मोगलाई वाईट. येथेच थोडे थांबले पाहिजे. कारण बरे कोणाला, हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. रेल्वे होती, कलेक्टर होता, दुष्काळी कामेही होती. पण त्या कामांवरची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाने दिवसाला एक रत्तल धान्याच्या आसपास आणून ठेवली गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध कैफियत मांडावी लागली. त्या दिवसांत इंग्रजी मुलखातली माणसे गुरेढोरे घेऊन वऱ्हाडाकडे आणि निजामाच्या मुलखाकडे सरकली. म्हणजे माणसांचा ओघ नेहमी एकाच दिशेने वाहत नव्हता. आकारणीची नियमितता ही इंग्रजी कारभाराची खूण. परंतु नियमितपणे वसूल होणारा सारा दुष्काळी सालात निर्दय ठरतो, हेही त्याच कारभाराचे वैशिष्ट्य.

सभेच्या स्वातंत्र्याची गोष्टही अशीच. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. मोगलाईतल्या माणसाला जेथे मोकळा श्वास मिळे म्हणून आपण म्हणतो, ते शहर हेच. तुलनेने मोकळे आणि प्रत्यक्षात मोकळे यांतले अंतर विसरून चालत नाही.

तिसरी साक्ष गावकुसाबाहेरची. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. हे गाव बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवर, पण मोगलाईत. परिषदेच्या नावातच तिचा विषय आहे : वतन. वतनाच्या तुकड्यापोटी रात्रंदिन सरकारची आणि गावाची कामे करण्याची सक्ती शिवेच्या दोन्ही बाजूंना होती. मुंबई इलाख्यात वतनाविरुद्ध आंबेडकरांनी १९२० च्या दशकापासून कायदेमंडळात झुंज दिली, आणि तरी कनिष्ठ गावकामगारांची वतने तेथे कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्याला पाणवठ्यावर शिवू दिले जात नव्हते त्याच्या दृष्टीने हाली आणि कलदार यांतला फरक केवढा होता? एक फरक मात्र होता आणि तो खरा होता : पश्चिमेकडे निदान झुंज देण्यासाठी कायदेमंडळ होते.

चौथी गोष्ट संस्थानांची. 'परकीय इंग्रजांचे चांगले, देशी राजाचे वाईट' असे समीकरण मांडायचे तर मराठी राजघराण्यांचीच दोन संस्थाने आडवी येतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच निर्णय घेतला. मुंबई इलाखा याबाबतीत दोघांच्याही मागे होता. लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील थेट इंग्रजी अमलाखालचे आणि संस्थानी प्रदेश यांची तुलना केली आहे. स्वातंत्र्योत्तर काळात शाळा, दवाखाने, रस्ते यांची उपलब्धता थेट इंग्रजी अमलाखालच्या प्रदेशांत कमी राहिली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. देशभराचे हे चित्र आमच्या शिवेच्या चित्राशी जुळत नाही. याचा अर्थ दोहोंपैकी एक खोटे असा नव्हे. राजा देशी की परका यापेक्षा तो प्रजेला कोणत्या भाषेत भेटतो, तिच्याकडून घेतलेल्या पैशांतला किती भाग तिच्या शाळेवर खर्च करतो आणि तिला जाब विचारू देतो की नाही, यावर जगण्याची प्रत ठरते, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. कोल्हापूरचा राजा आपल्या प्रजेच्या भाषेत बोलत होता. हैदराबादच्या राज्याचा सुमारे चाळीस टक्के भाग जहागिरी आणि निजामाची खाजगी जमीन यांत गुंतलेला होता आणि त्याचे दप्तर प्रजेला वाचता येत नव्हते.

४

ही शीव पुसली गेली ती शांतपणे नव्हे. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा उच्छाद वाढला. त्यांचा नेता कासीम रझवी हा तेव्हाच्या याच जिल्ह्यातील लातूरचा वकील. खेडी जळू लागली तशी धाराशिव-कळंबकडची कुटुंबे शिवेपलीकडे बार्शी-सोलापूरच्या आश्रयाला गेली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची सरहद्दीवरची केंद्रेही तिकडेच होती. कधी बाजारासाठी, कधी शाळेसाठी ओलांडलेली शीव आता जीव वाचविण्यासाठी ओलांडावी लागत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिला मोठा विजय मिळाला तो नळदुर्गाला. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतरचे पान मराठी लेखनात बराच काळ दुमडून ठेवले गेले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मुस्लिम प्रजेची जी कत्तल झाली, तिचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचे नाव घातले आहे. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे इतर तीन. रझाकारांनी केलेले अत्याचार आणि नंतर निरपराधांवर उगवलेला सूड हे दोन्ही याच मातीत घडले. जीवनमानाचा विचार करताना जीविताची हमी ही पहिली अट धरावी लागते, आणि १९४८ च्या सालात ती दोन्ही समाजांतल्या असंख्य माणसांना मिळाली नाही. मुक्तीचा अभिमान बाळगताना हे सांगण्याचे आपण टाळले, तर तुलनेचा तराजू पहिल्यापासून खोटा ठरेल.

५

१९४९ मध्ये जहागिरी गेल्या. पुढे हाली नाणे गेले, करोडगिरीची नाकी उठली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले होते. शीव नकाशावर जिल्ह्यांची हद्द म्हणून उरली. मग तफावतीचे काय झाले?

१९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत जिल्हावार हिशेब करून तिने एकूण ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे साडेतेवीस टक्के होता. 'अनुशेष' या शब्दाला मराठी सार्वजनिक व्यवहारात जो जोर आला तो या अहवालामुळे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली; त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जी नावे गेली त्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्या पंक्तीला उस्मानाबाद होते. गडचिरोली-नंदुरबारसारखे वनप्रदेश येथे नाहीत; शेजारी सोलापूर, पुणे दूर नाही. तरी नाव त्या यादीत आले.

हे मागासपण निसर्गाचे आहे असे म्हणण्याचा मोह होतो. दुष्काळी भाग, अपुरा पाऊस, असे कारण नेहमी पुढे केले जाते. पण सरासरीने पाहिले तर धाराशिवकडचा पाऊस सोलापूरपेक्षा काहीसा अधिकच भरेल. सोलापूरकडे उसाचे मळे पसरले ते ढगांनी नव्हे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या कालव्यांनी. हे धरण निजामाने अडविले नव्हते आणि इंग्रजांनी बांधले नव्हते. ते महाराष्ट्र राज्याचे आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी उपसा करून धाराशिवकडे आणण्याच्या योजनेचे काम मात्र दीर्घकाळ रेंगाळले. तेव्हा आजच्या तफावतीतला जो भाग १९६० नंतर तयार झाला, त्याचे माप मोगलाईच्या पदरात टाकणे हा अप्रामाणिकपणा होईल.

याच्या उलट बाजूचा आकडाही पाहावा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान आढळते. दोहोंतील फरक नाममात्र उरलेला आहे. १९५१ मध्ये दोन राज्यांत जी दरी होती ती साठ वर्षांत या शिवेवर जवळपास बुजली. ती आपोआप बुजली नाही. मातृभाषेतून शाळा निघाल्या, गावोगाव शिक्षक पोचले, मुली वर्गात बसल्या. म्हणजे जेथे राज्याने मनावर घेतले तेथे शतकभराचे अंतर दोन पिढ्यांत कापले गेले. आणि जेथे राज्याने मनावर घेतले नाही, म्हणजे पाणी, लोहमार्ग, कारखानदारी आणि भांडवल यांच्या बाबतीत, तेथे जुनी सरहद्द अजून चालू आहे. तिच्यावर नाके नाही, शिपाई नाही. पण काम शोधणारे तरुण आजही पश्चिमेकडेच जातात.

साहित्याच्या वाचकांसाठी एक लहानशी नोंद करून आम्ही थांबतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बार्शीला १९८० मध्ये भरले, अध्यक्ष गं. बा. सरदार होते. धाराशिवला ते २०२० च्या जानेवारीत आले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. दोन गावांत अंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे. एका संमेलनावरून राहणीमान मोजू नये हे खरे. परंतु सभा भरविण्यासाठी एकेकाळी ज्या जिल्ह्याला परवानगीचा कागद लागत असे, तेथे मराठीची सर्वांत मोठी सभा भरली, ही गोष्ट 'मोगलाई' या शब्दाचा अर्थ नव्याने तपासण्यास पुरेशी आहे. त्या शब्दाने एका प्रदेशाला दिलेला दोष राज्यव्यवस्थेचा होता, माणसांचा नव्हता. आज धाराशिवला 'मागास' म्हणताना आपण पुन्हा तीच गल्लत करीत नाही ना, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.